गरम पाण्यात, दाबाखाली एएफएम: इंदुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

१२० अंशांवर एएफएमने, म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शकाने, काढलेल्या माझ्या पहिल्या प्रतिमेत बराइट या खनिजाच्या पृष्ठभागावरच्या पायऱ्या (अणुथरांच्या कडा) सरळ नव्हत्या. एका बाजूने धनुष्यासारख्या वाकल्या होत्या. मी दोन दिवस त्या वाकण्याचा अर्थ लावत होते, वहीत स्फटिकाच्या दिशा काढत होते. मग त्याच जागेची प्रतिमा दोन तासांनी पुन्हा काढली, तेव्हा पायऱ्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ आल्या. स्फटिकात काहीच वाकलं नव्हतं. नमुना आणि पाणी ज्या बंद डबीत असतात त्या सेलचं पोलाद अजून तापत होतं, आणि मी त्याचं प्रसरण मोजत होते.

हे दोन दिवस तुमचे वाचावेत म्हणून हा लेख. तुम्ही इंदुरात पदार्थविज्ञान, भूरसायन किंवा उत्प्रेरकांवर काम सुरू करत असाल आणि गाइडने 'गरम पाण्यात एएफएम करून बघ' असं सांगितलं असेल, तर खालच्या क्रमाने जा.

१. आधी ठरवा, नक्की कशासाठी

एएफएम १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी मांडला. एका लवचीक पट्टीच्या, म्हणजे कँटिलिव्हरच्या, टोकाला बारीक टिप असते. ती पृष्ठभागावरून फिरते, पट्टी किती वाकली ते लेझरच्या परावर्तनावरून कळतं. या पद्धतीला निर्वात लागत नाही, म्हणून ती पाण्यातही चालते. अडचण पाणी तापवल्यावर सुरू होते.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यापुढे जायचं तर दाब हवा. घरच्या प्रेशर कुकरचं तत्त्व तेच: आत वातावरणापेक्षा सुमारे १ बार जास्त दाब असतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत जातं. १५० अंशांवर पाणी द्रव ठेवायला एकूण ४.८ बार लागतात, १८० अंशांवर १० बार, २०० अंशांवर १५.५ बार. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दाबाचा दुसरा उपयोग पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी, ५०-६० अंशांवरच, त्यात विरघळलेली हवा बाहेर पडायला लागते. बुडबुडा कँटिलिव्हरवर बसला की लेझर भरकटला आणि प्रयोग संपला. थोडा दाब ठेवला तर ही हवा पाण्यातच राहते. म्हणून ८० अंशांवरचं काम असलं तरी मी दोन-तीन बार ठेवतेच.

आता स्वतःला विचारा: तुमच्या प्रश्नाला खरंच हे सगळं लागतं का? कॅल्साइट साध्या तापमानालाच शुद्ध पाण्यात इतक्या वेगाने विरघळतो की त्याच्या पायऱ्या सेकंदाला काही नॅनोमीटर मागे सरकतात. त्याला तापवून तुम्हाला फक्त धावपळ मिळेल. उलट बराइट, मॅग्नेसाइट ही खनिजं गार पाण्यात जवळजवळ हलत नाहीत. आच दिल्याशिवाय ती काही सांगतच नाहीत. बेसाल्टमधली खनिजंही तशीच. आपण माळव्यात दख्खनच्या बेसाल्टवर राहतो, पायाखालची काळी माती त्याचीच झीज आहे. आइसलंडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये मुरवला जातो, तेव्हा खडकाच्या पृष्ठभागावर नेमकं काय घडतं, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. असा प्रश्न हाताशी असेल तर पुढे वाचा.

यंत्रांचे प्रकारही वेगळे आहेत, ते माहीत असू द्या. गरम पाण्यासाठी १५० अंशांपर्यंत चालणारा हायड्रोथर्मल एएफएम १९९८ साली हिगिन्स, एगल्स्टन, नॉस आणि बोरो यांनी मांडला. अतिक्रांतिक (ना धड द्रव, ना धड वायू अशा स्थितीतल्या) कार्बन डायऑक्साइडमध्ये काम करायचं तर ३१ अंश आणि ७४ बारच्या वर राहावं लागतं. त्यासाठीचा सेल पूर्ण वेगळा. गरम वायूतल्या उत्प्रेरकांसाठी नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने ६ बार आणि ६०० केल्विनपर्यंत चालणारं यंत्र केलं, त्यात लेझरऐवजी क्वार्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा चिमटा) आहे. या लेखात मी फक्त गरम पाण्याबद्दल लिहिते आहे, कारण मी तेच केलं आहे.

२. साध्या यंत्रावर हात बसवा

निदान महिनाभर साध्या तापमानाला काम करा. हवेत ग्रेटिंग (ठरावीक मापाच्या रेघा कोरलेला नमुना), मग अभ्रक, मग पाण्याखाली ताजा फोडलेला कॅल्साइट. कॅल्साइटची एक पायरी ०.३ नॅनोमीटरची असते. तुमच्या प्रतिमेत ती ०.३ दिसली तर झेडचं, म्हणजे उंचीच्या मापाचं, कॅलिब्रेशन ठीक आहे. ०.४ दिसली तर आधी ते दुरुस्त करा, तापवायचा विचार नंतर.

पाण्यात टिप 'एंगेज' करणं (पृष्ठभागाला टेकवणं), फोर्स कर्व्ह घेणं (टिप जवळ-दूर नेताना जोर कसा बदलतो त्याचा आलेख), लेझर पुन्हा जुळवणं या तीन गोष्टी डोळे मिटून जमायला हव्यात. गरम सेलमध्ये हात घालून काही नीट करता येत नाही.

३. यंत्राची वेळ आणि कागद

इंदुरात खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई सीएसआर या वैज्ञानिक संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथे विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रस्ताव देऊन एएफएम वापरता येतो. त्याच रस्त्याने पुढे सिमरोलला आयआयटी आहे. देशात कुठे कोणतं यंत्र आहे ते आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. पण यादीत 'एएफएम' दिसलं म्हणजे गरम द्रवाचा सेल आहे असं धरू नका, आणि दाबाचा तर मुळीच नाही. यंत्र सांभाळणाऱ्यांना थेट विचारा: हीटर किती अंशांपर्यंत, द्रवात की फक्त हवेत, बंद सेल किती दाबाला तपासलेला आहे. 'आमच्याकडे २५० अंशांचा स्टेज आहे' हे उत्तर बहुतेक वेळा हवेतल्या कोरड्या नमुन्यासाठी असतं.

सोबत हे तयार ठेवा:

– एक पानाचा प्रस्ताव. त्यात तापमान, दाब, द्रव आणि त्याचा पीएच स्पष्ट आकड्यांत.
– गाइडचं पत्र आणि संस्थेचं ओळखपत्र. अणुऊर्जा विभागाच्या आवारात काम असेल तर प्रवेशपास काही दिवस आधी मागा.
– नमुन्याचं आणि प्रत्येक रसायनाचं सुरक्षितता पत्रक.
– बाहेरून सेल नेणार असाल तर त्याचं रेखाचित्र आणि दाबचाचणीची तारखेसह नोंद. हा कागद नसेल तर कुठलाही जबाबदार माणूस तुम्हाला दाब लावू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

वेळ मागताना एका तापमानासाठी एक अख्खा दिवस मागा. मी पहिल्यांदा एका दिवसात चार तापमानं लिहिली होती. हाती एकही धड आलं नाही.

४. सेल आणि सुटे भाग

सेलच्या शरीरासाठी टायटॅनियम सर्वांत चांगलं. ३१६ स्टेनलेस स्टील चालतं, पण द्रावणात क्लोराइड असेल तर गरम पाण्यात त्याला खड्डे पडतात आणि लोह-निकेल तुमच्या द्रावणात उतरतं. टायटॅनियमचं प्रसरणही जवळजवळ निम्मं असतं, त्याचं महत्त्व आठव्या टप्प्यात कळेल. लेझरच्या खिडकीला काच नको, नीलम घ्या. अल्कलीयुक्त गरम पाणी काच खातं.

टिप किंवा नमुना सरकवणारा यंत्राचा स्कॅनर पिझो सिरॅमिकचा (व्होल्टेज दिला की आकार बदलणाऱ्या पदार्थाचा) असतो आणि त्याला उष्णता सोसत नाही. क्युरी तापमानाच्या (ज्या तापमानाला पिझोचा गुण पूर्ण जातो) निम्म्याच्या वर गेलं की त्याचं ध्रुवीकरण ढळायला लागतं. म्हणून चांगल्या रचनेत गरम द्रव आणि स्कॅनर यांच्यामध्ये लवचीक पडदा असतो, आणि पडदा फुगू नये म्हणून स्कॅनरच्या बाजूलाही नायट्रोजनचा तेवढाच दाब ठेवतात. दोन्ही बाजूंचा दाब एकाच नळीतून येतो ना, हे स्वतः बघा.

ओ-रिंगबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. सियागंजला गेलात तर काळ्या ओ-रिंग किलोने मिळतात. नायट्राइल, व्हिटॉन, ईपीडीएम, तिन्ही दिसायला सारख्याच. नायट्राइल १०० अंशांच्या पुढे कडक होते. व्हिटॉन २०० अंशांपर्यंत चालते असं दुकानदार सांगतो, ते गरम हवेत खरं आहे. गरम पाण्यात आणि वाफेत साधी व्हिटॉन टिकत नाही. आमची अशी एक रिंग १३० अंशांवर तीन तासांनी फुगून बसली होती. पाण्यासाठी ईपीडीएम घ्या, ती १५० अंशांपर्यंत चालते. त्यावर जायचं तर परफ्लुओरो रबर, आणि ते महाग असतं. पाकिटावर पदार्थाचं नाव आणि ग्रेड छापलेलं असेल तरच विकत घ्या. ईपीडीएमला व्हॅसलीन किंवा साधं ग्रीस लावू नका, ती फुगते. सिलिकॉन ग्रीसही नको. ते पसरत पसरत नमुन्यावर येतं आणि प्रतिमेत तेलकट थेंबांसारखं दिसतं. ओ-रिंग शुद्ध पाण्याने ओली करून बसवा, तेवढं पुरतं.

सेलचं काम मी सांवेर रोडवरच्या एका छोट्या वर्कशॉपमधून करून घेतलं. तिथल्या काकांनी रेखाचित्र बघून पहिला प्रश्न केला, "बाई, खाचेचा तळ किती गुळगुळीत पाहिजे?" असा प्रश्न विचारणारा कारागीर मिळाला की त्याला सोडू नका. ओ-रिंग जिथे टेकते तिथे एक आडवा ओरखडा राहिला तर बाकीचं सगळं काम वाया जातं.

बाकी लागणारं सामान: नायट्रोजनचा सिलिंडर आणि दोन टप्प्यांचा रेग्युलेटर, प्रेशर गेज, सुरक्षा झडप, दोन के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा), बारीक नळी आणि फिल्टर, यूपीएस. वीज गेली तर हीटर नुसता बंद पडेल, पण स्कॅनरचा व्होल्टेज एकदम गेला की टिप नमुन्यावर आदळते.

५. नमुना आणि पाणी

स्फटिक प्रयोगाच्या आधी लगेच फोडा आणि नायट्रोजनच्या झोताने भुगा उडवा. चिकटवायला साधं इपॉक्सी वापरू नका, ते गरम पाण्यात सुटतं आणि विरघळून पृष्ठभागावर बसतं. लहान टायटॅनियमच्या तारेने किंवा क्लिपने नमुना दाबून धरणं उत्तम.

पाणी आधी उकळून किंवा निर्वात लावून त्यातली हवा काढा. द्रावण कार्बोनेटचं असेल तर एक सापळा आहे: कॅल्साइट तापमान वाढलं की कमी विरघळतो. नर्मदेच्या पाण्यावर चालणाऱ्या आपल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, त्याचं हे एक कारण. गार असताना संतृप्त असलेलं द्रावण सेलमध्ये तापलं की तोच थर तुमच्या कँटिलिव्हरवर बसतो. म्हणून द्रावणाची रचना प्रयोगाच्या तापमानाला गृहीत धरून काढा.

द्रव वाहता ठेवायचा तर पेरिस्टाल्टिक पंप (नळी पिळून द्रव ढकलणारा) टाळा. त्याचे ठोके प्रतिमेत आडव्या पट्ट्यांसारखे उमटतात. वायूच्या दाबाने ढकललेला, बारीक नळीतून येणारा प्रवाह शांत असतो.

६. गार असताना दाबाची चाचणी

नमुना आणि टिप न घालता सेल पाण्याने पूर्ण भरा आणि कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर अर्धा तास ठेवा. ही चाचणी पाण्यानेच करा, वायूने कधीच नाही. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे काही फुटलं तर फक्त गळती होते. दाबलेल्या वायूत साठलेली ऊर्जा तुकडे फेकते. खिडकीच्या समोर चेहरा आणू नका, चष्मा घाला, आणि सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला असू द्या. गेज अर्ध्या तासात जरासुद्धा उतरला तर सेल उघडा. गरम झाल्यावर ओ-रिंग आपोआप बसेल, या आशेवर पुढे जाऊ नका.

७. दाब आधी, आच नंतर

क्रम एवढाच: नमुना, टिप, द्रव, बुडबुडे काढणं, लेझर जुळवणं, दाब, आणि मग हीटर. सेल किंचित तिरपा करून भरा म्हणजे हवा वरच्या नळीतून निघून जाते. दाब ठरलेल्या तापमानाच्या बाष्पदाबापेक्षा निदान दोन-तीन बार जास्त ठेवा. १२० अंशांसाठी मी ५ बार ठेवते.

आच मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने वाढवू नका, आणि वाढवताना टिप नमुन्यापासून निदान ५० मायक्रोमीटर मागे घ्या. पाण्याचा अपवर्तनांक तापमानाबरोबर उतरतो, २० अंशांवरचा १.३३३ हा १०० अंशांवर १.३१८ होतो, त्यामुळे लेझरचा ठिपका फोटोडायोडवर (परावर्तित लेझर टिपणाऱ्या संवेदकावर) सरकत जाईल. दर वीस अंशांना तो मध्यावर आणा.

एक थर्मोकपल हीटरजवळ आणि दुसरा शक्य तितका नमुन्याजवळ ठेवा. माझ्या सेलमध्ये या दोघांत १२० अंशांच्या आसपास ९ अंशांचा फरक पडत होता. निबंधात लिहायचा तो नमुन्याजवळचा आकडा.

८. थांबा

आता सगळ्यात महत्त्वाचं. तापमानाचा आकडा १२० वर स्थिर झाला की नवशिका लगेच टिप लावतो. पण नियंत्रकाचा आकडा स्थिर होणं आणि सेल स्थिर होणं यांत तासांचा फरक असतो.

हिशेब करून बघा. ३१६ स्टील अंशाला मीटरमागे १६ मायक्रोमीटर वाढतं. म्हणजे सेलमधला १ सेंटिमीटरचा तुकडा १ अंशाने १६० नॅनोमीटर लांबतो. तुमच्या बराइटची पायरी ०.३६ नॅनोमीटरची आहे. एका अंशाच्या शंभराव्या भागानेही तो तुकडा दीड नॅनोमीटर हलतो, चार पायऱ्यांहून जास्त. २५ वरून १२० अंशांवर जाताना तोच तुकडा १५ मायक्रोमीटर वाढतो, आणि अनेक स्कॅनरची झेडमधली पोच ५ ते १० मायक्रोमीटर असते. टिप लावून ठेवून तापवलं तर स्कॅनर मध्येच संपतो.

म्हणून ठरलेल्या तापमानावर दोन तास थांबा, मोठा सेल असेल तर तीन. मग टिप लावा आणि ड्रिफ्ट, म्हणजे नमुन्याचं टिपखालून हळूहळू सरकणं, मोजा. एकच जागा आधी खालून वर, मग वरून खाली स्कॅन करा. २५६ ओळी सेकंदाला एक या वेगाने घेतल्या तर एका प्रतिमेला सव्वाचार मिनिटं लागतात. ड्रिफ्ट मिनिटाला १० नॅनोमीटर असेल तर तेवढ्यात सगळं ४० नॅनोमीटर सरकलेलं असतं, आणि दोन प्रतिमांतले कोन एकमेकांच्या उलट बाजूला तिरपे दिसतात. दोन्ही प्रतिमांत पायऱ्यांचा कोन सारखा येईपर्यंत कोणतीही प्रतिमा 'निकाल' म्हणून जपू नका. माझ्या वाकलेल्या पायऱ्या हा याचाच नमुना होता: ड्रिफ्टचा वेग प्रतिमा काढता काढता कमी होत गेला, म्हणून सरळ रेषेचं धनुष्य झालं.

पायऱ्या किती वेगाने सरकतात ते मोजताना नमुन्यावरचा एखादा न हलणारा दोष, खोल खळगा किंवा चिकटलेला कण खूण म्हणून धरा आणि सगळी अंतरं त्यापासून मोजा. मग उरलासुरला ड्रिफ्ट आपोआप वजा होतो.

खोलीकडेही बघा. मे महिन्यात दुपारी एसी चालू-बंद होतो आणि त्याच लयीत प्रतिमा वरखाली होते. मी एसी सकाळीच एका तापमानाला लावून ठेवते, यंत्रावर थर्माकोलचं खोकं घालते आणि खरी मोजणी रात्री दहानंतर करते. इमारतीत माणसांची ये-जा थांबली की आवाज किती कमी होतो, ते फोर्स कर्व्हच्या सपाट भागात लगेच दिसतं.

९. टिपचा जोर तपासा

सिलिकॉन नायट्राइडच्या कँटिलिव्हरला पाठीमागे सोन्याचा थर असतो. सोनं नायट्राइडपेक्षा चार-पाच पट जास्त प्रसरण पावतं. तापलं की पट्टी सोन्याच्या उलट बाजूला, म्हणजे नमुन्याकडे, वाकते. फोटोडायोडला वाटतं की जोर कमी झाला, आणि जोर कायम ठेवणारा फीडबॅक टिप आणखी दाबतो. पडद्यावर सेटपॉइंट (आपण ठरवून दिलेला जोर) तोच राहतो, प्रत्यक्षात जोर वाढत जातो. मऊ खनिजावर मग चौकोनी खड्डा पडतो, अगदी तुमच्या स्कॅनच्या आकाराचा. तो विरघळण्याचा पुरावा नाही.

उपाय सोपा आहे. तापमान बदललं की टिप मागे, नवा फोर्स कर्व्ह, त्याच्या सपाट भागापासून नवा सेटपॉइंट. दर अर्ध्या तासाने हे पुन्हा करा. आणि प्रत्येक मालिकेनंतर स्कॅनची चौकट मोठी करून बघा. आधी स्कॅन केलेला चौकोन आजूबाजूपेक्षा वेगळा दिसला तर ती मालिका बाद करा.

पीएच ९ च्या वरच्या गरम द्रावणात सिलिकॉनची टिप स्वतःच विरघळते. तिथे नायट्राइडच घ्या आणि तरीही प्रत्येक दिवशी नवी लावा.

१०. उतरताना

उतरताना क्रम उलटा. आधी टिप मागे घ्या, मग हीटर बंद करा, आणि नमुन्याजवळचा थर्मोकपल ५० अंशांच्या खाली येईपर्यंत दाबाला हात लावू नका. १२० अंशांवर दाब सोडला तर सगळं पाणी एका क्षणात उकळतं, कँटिलिव्हर तुटते आणि गरम वाफ झडपेतून तुमच्या हातावर येते. थंड व्हायला दीड-दोन तास लागतात, तेवढ्यात वही पूर्ण करा: दोन्ही तापमानं, दाब, प्रवाहाचा वेग, टिपचा बॅच, एसीचं तापमान, ड्रिफ्टचे आकडे, आणि ज्या प्रतिमा बाद केल्या त्या का केल्या.

सेल उघडल्यावर ओ-रिंग बाहेर काढून बोटांत दाबून बघा. चपटी झाली असेल किंवा चिकट लागली तर फेकून द्या. टिप डबीत परत ठेवताना डबीवर तारीख आणि सर्वांत जास्त तापमान लिहा, म्हणजे पुढच्या मुलीला ती नवी वाटणार नाही.

पुढच्या वेळेसाठीचा अर्ज त्याच संध्याकाळी भरा. यंत्राची रांग मोठी असते.